माल वेळेवर येत नाही, तेव्हा

हिंगणा एमआयडीसी: कास्टिंगवाला (ओतीव भाग पुरवणारा) बारा दिवस सांगतो, माल कधी नवव्या तर कधी सतराव्या दिवशी येतो. रोजचा वापर ४० नग. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीसाठीचा राखीव साठा, किती ठेवू?

आधी मागच्या वीस-पंचवीस पीओंच्या (खरेदी ऑर्डरींच्या) दोन तारखा काढा, पीओची आणि गेट एंट्रीची. समजा सरासरी १२ दिवस आली, प्रमाण विचलन (सरासरीच्या मागेपुढे होणारा चढउतार) ३ दिवस, आणि वापरातला रोजचा चढउतार १० नगांचा. शंभरातल्या ९५ खेपांना तुटवडा पडू नये असे वाटत असेल, तर सुमारे २०६ नग लागतील. वापर अगदी स्थिर धरला तरी १९८ लागतातच. म्हणजे तुमचा पैसा अडकलाय तो गिऱ्हाइकापायी नाही, कास्टिंगवाल्याच्या बेभरवशापायी. तेच विचलन ३ वरून १ दिवसावर आले तर ८७ नगांत भागते. तेव्हा रॅक वाढवण्याआधी फौंड्रीत एक दिवस उभे राहा. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) वेळेवर मिळत नाही, की मोठ्या ऑर्डरपुढे तुमचा माल मागे पडतो, ते फोनवर कळत नाही.

बुटीबोरी: सिस्टिममध्ये सगळ्यांचा लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचे दिवस) दुप्पट केला. तरी उशीर आहेच.

असणारच. एमआरपी, म्हणजे कोणता माल कधी मागवायचा ते ठरवणारी संगणक प्रणाली, गरजेच्या तारखेपासून मागे मोजत जाते. लीड टाइम फुगवला की ऑर्डरी लवकर सुटतात, शॉपफ्लोअरवर कामाचा ढीग लागतो आणि खरी घाईची ऑर्डर त्यात दबते. एका कारखान्यात मी स्टोअरकीपरच्या खिशात छोटी वही पाहिली होती. खऱ्या तारखा तिच्यात, संगणकात भलत्याच. मला त्या माणसाचे वाईट वाटले. सगळा कारखाना त्या वहीवर चालत होता. लीड टाइम खराच ठेवा. वेळेचा भरवसा नसेल तिथे राखीव दिवस वेगळे दाखवा. रिजेक्शनमुळे नग कमी पडत असतील तर मात्र साठाच हवा.

कळमेश्वर: तारीख उलटलेल्या पीओंचे काय करावे?

रोज सकाळी पुरवठादाराला विचारून नवी तारीख टाका. नाहीतर सिस्टिम तो माल आला असेच धरून चालते आणि जोडीचे बाकी पार्ट वेळेआधी येऊन पडून राहतात.

वाडी: लहान पुरवठादार आम्हाला नेहमी शेवटी का ठेवतो?

बिल कधी देता? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. आधी त्याची थकलेली बिले काढा, तारखांचे मग बोला.