“पांढरी कावीळ निघाली, लोक काय म्हणतील?” आधी मोजून बघू

हा प्रश्न माझ्याकडं इतक्यांदा येतो की आता लिहूनच टाकावं म्हणलं. कुणाला रक्तदान शिबिरानंतर फोन येतो, कुणाला नोकरीच्या मेडिकलमध्ये कळतं आणि सगळ्यात जास्त येतात त्या गरोदरपणाच्या तपासणीत हिपॅटायटिस बी, म्हणजे हीच पांढरी कावीळ, निघालेल्या पोरी. औषधाचं काय ते नंतर, पहिला प्रश्न हाच, “मॅडम, घरी कळलं तर?”

त्यातल्या एकीचं सांगते, ओळखू येऊ नये एवढे तपशील बदललेत. माहेर परभणीकडं, दिलेली लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. लेकरू झालेलं, त्याला जन्मल्याबरोबर लस आणि सोबतचं इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिकारशक्तीचं) इंजेक्शन दोन्ही वेळेत मिळालेलं, म्हणजे जे करायचं ते सगळं झालेलं. तरी ही वाळत चालली म्हणून नवरा घेऊन आला.

मी अशा वेळी लगेच समजावत बसत नाही, कलंकाचा त्रास किती आणि कुठला ते आधी मोजते. अमेरिकेत २००१ मध्ये बार्बरा बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी ४० वाक्यांची एक मोजपट्टी केली होती, लोकांनी काय केलं, सांगायची भीती किती, स्वतःबद्दल काय वाटतं, समाज काय समजतो असे चार भाग तिच्यात आहेत. तिच्यावरून हिपॅटायटिससाठीही प्रश्नावल्या झाल्या. मी आपल्याकडच्या बोलीत तीनच रकाने करते. लोकांनी खरंच काय केलं, कळलं तर काय करतील असं वाटतं आणि मला स्वतःला माझ्याबद्दल काय वाटतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, हे कुणाकुणाला माहितीय? तो विचारल्याशिवाय रकान्यांतल्या खुणांच्या आकड्यांना अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे.

तिचा पहिला रकाना कोरा. “मला कुणी काहीच केलं न्हाई मॅडम, माणसं चांगली हायेत.”

“माहिती कुणाला आहे?”

“फक्त ह्यांना.”

म्हणजे तो कोरा रकाना लपवण्याचा होता, लोकांच्या चांगुलपणाचा नव्हता. दुसरा भरलेला, ते नेहमीचंच. तिसरा मात्र काठोकाठ, “माझ्यामुळं घराला धोका आहे” इथं तर तिनं पेन दाबून खूण केलेली.

मी विचारलं, “ताट वेगळं कुणी केलं तुझं?”

“कुणी न्हाई. मीच करते, घासतेबी वेगळं. कुणी इचारलं तर म्हणते उपवासाचं हाय.”

“आणि अंगावरचं दूध?”

“सव्वा महिन्यात तोडलं. येत न्हाई म्हणून सांगितलं.”

“लेकराचा पापा घेतेस का गं?”

बराच वेळ काही बोललीच नाही, पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली, मग म्हणाली, “जलमल्यापून एकदाबी न्हाई.”

इथंच सगळं उलगडलं. सासरच्यांनी जे जे करतील म्हणून ती घाबरत होती ते सगळं तिनं स्वतःला आधीच करून ठेवलं होतं, कुणी न सांगता. आम्ही लोक भेदभाव म्हणलं की समाजाकडं बोट दाखवतो पण निम्मा भेदभाव माणूस स्वतःच्या हातानं, स्वतःच्या घरात, गुपचूप करत असतो आणि तो विचारल्याशिवाय दिसत नाही. म्हणून मी मनात काय येतं एवढंच विचारून थांबत नाही, दिवसभरात काय काय टाळता ते विचारते.

मग साधं सांगितलं. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला आणि एकमेकांची सुई, ब्लेड, रेझर वापरून जातो. ताटातून, एका माठातल्या पाण्यातून, पापा घेतल्यानं जात नाही. बाळाला लस मिळाली असेल तर अंगावर पाजता येतं, स्तनाला भेगा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस जपायचं. नुसतं ऐकून मन बदलत नाही हे मला माहितीय, माझा भर आधी वागणं बदलण्यावर असतो, मन मागून येतं. म्हणून एकच काम दिलं, आज रात्री ताट सगळ्यांच्या भांड्यात टाकायचं आणि लेकराचा पापा घ्यायचा.

पुढच्या वेळी सांगत होती, “त्या रात्री डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी आधी लेकराला हात लावून बघितला, अंग गरम हाय का.” आणि मग जरा हसून, “आता तर ध्यानातबी राहत न्हाई.” मला अशा वेळी आपल्या कामाचं समाधान वाटतं, का लपवू.

“पण मला आलं कुठून, मी तर वाईट काही केलं न्हाई” हा तिचा दुसरा काटा. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या शरीरातून विषाणू आपोआप निघून जातो, बाळपणी झाली तर नव्वदेक जणांत तो मुक्काम करतो, त्यामुळं अशा बऱ्याच जणांना तो जन्माच्या वेळी आईकडूनच आलेला असतो. तिच्या आईची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. आई रडली, तिच्यासोबत वेगळं बसावं लागलं, तिच्या बाळंतपणाच्या काळात गावाकडं ना तपासणी होती ना ही लस.

पुढं नवऱ्यानंच सासूबाईंना आणलं. त्यांनी विचारलं, “हिच्या हातचं खाल्लं तर?” मी म्हणलं, खुशाल खा. त्यांना पटलं, उलट काविळीची माळ घालू, झाडपाला देऊ म्हणत होत्या ते मी थांबवलं कारण अशा औषधांनी लिव्हर आणखी बिघडू शकतं. जावेला मात्र पटलं नाही, तिनं आपलं पोरगं हिच्याजवळ देणं बंद केलं. एका खासगी दवाखान्यात तर दात काढायला “आमच्याकडं होणार नाही” म्हणून परत पाठवलं, जिथं प्रत्येकच पेशंटसाठी हत्यारं निर्जंतुक करायला पाहिजेत तिथं.

काही महिन्यांनी तेच कागद पुन्हा भरून घेतले तर एकूण आकडा आधीपेक्षा जास्त! नवखा माणूस म्हणेल बाईची तब्येत बिघडली. पण रकाने वेगळे बघितले तर चित्र उलटं, लोकांनी काय केलं हा रकाना भरला होता कारण आता लोकांना माहिती होतं आणि तिसरा जवळजवळ रिकामा झाला होता. जावेचं सांगताना ती रडली नाही, चिडली, “तिला कळत न्हाई त्यात माझा काय दोष?” म्हणाली. म्हणून कुणाची एकच बेरीज काढून “कलंक वाढला, कमी झाला” म्हणू नका. लोकांनी केलेल्या भेदभावाचा इलाज लोकांना शिकवणं आणि तक्रार करणं, भीतीचा इलाज एकेका विश्वासाच्या माणसाला सांगून बघणं आणि स्वतःला लावलेल्या शिक्षेचा इलाज ती शिक्षा रोजच्या वागण्यात मोडणं.

तुम्ही या जागी असाल तर आज कागद घ्या, तीन रकाने करा, वर कुणाकुणाला माहितीय ते लिहा आणि कुणी न सांगता तुम्ही काय काय टाळता त्याची यादी करा. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, जोडीदाराला मात्र सांगा, त्याची तपासणी करून, निगेटिव्ह असेल तर आज, एक महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात अशी लस द्या, आई आणि भावंडांचीही तपासणी करा. २०१८ पासून सरकारचा व्हायरल हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही पण ठरलेल्या वेळी लिव्हरची तपासणी चुकवू नका, बरं वाटत असलं तरी.