नागपुरात गाणाऱ्या मुली भरपूर, मग म्युझिक प्रोड्युसर मुली का नाहीत?

म्युझिक प्रोड्युसर म्हणजे गाण्याचा ट्रॅक बांधणारा, रेकॉर्ड करणारा आणि तयार करून देणारा माणूस. नागपुरात राहून ते काम करू पाहणाऱ्या तुमचे प्रश्न दोन आहेत. सुगम संगीत शिकलात, घरी लॅपटॉपवर काही ट्रॅक बांधलेत, तरी शहरातल्या स्टुडिओत विचारले की "गायला या" एवढेच उत्तर का मिळते, हा एक. आणि आता पुढे नेमके काय करायचे, हा दुसरा. याच चर्चेत एका सदस्याने "मुलींना टेक्निकल गोष्टींची आवडच नसते" असे लिहिले आहे. आधी त्याचे उत्तर.

आवडीचा मुद्दा इतिहासात टिकत नाही. बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवे ध्वनी बनवणारी शाखा, १९५८ साली सुरू झाली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक डॅफ्नी ओरॅम. तिथेच १९६० च्या दशकात डेलिया डर्बीशायर टेपचे तुकडे कापून-जोडून सूर बांधत होत्या. आपल्याकडे १९३० च्या दशकात बॉम्बे टॉकीजचे संगीत सरस्वती देवी करत होत्या, पुढे संगीतकार उषा खन्ना कित्येक दशके टिकल्या, आणि लता मंगेशकरांनी मराठी चित्रपटांना संगीत दिले ते 'आनंदघन' या नावाने. एवढे असूनही फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट संगीतकार हा पुरस्कार एखाद्या स्त्रीच्या हाती पडायला कित्येक दशके गेली. २०२२ मध्ये तो जसलीन रॉयल यांना मिळाला, तोही विभागून. ग्रॅमीचा नॉन-क्लासिकल विभागातला 'प्रोड्युसर ऑफ द इयर' आजवर एकाही स्त्रीला मिळालेला नाही. क्लासिकल विभागात मात्र ज्युडिथ शेरमन यांनी तोच किताब अनेकदा जिंकला. काम तेच, लागणारा कान तोच. अमेरिकेतल्या ॲनेनबर्ग संस्थेने लोकप्रिय गाण्यांची श्रेयनामे मोजली तेव्हा २०१८ च्या अहवालात कलाकारांमध्ये स्त्रिया सुमारे २२ टक्के आणि प्रोड्युसरमध्ये फक्त २ टक्के निघाल्या. २०२३ च्या गाण्यांत हा आकडा ६.५ टक्क्यांवर आला. गायिका आणि प्रोड्युसर यांच्यातली ही दरी आवडीने पडत नाही. ती शिकण्याच्या पद्धतीने पडते, आणि नागपुरात ती पद्धत फार उघडपणे दिसते.

म्युझिक प्रोडक्शन आपल्याकडे वर्गात फारसे शिकले जात नाही. कुणाच्या तरी स्टुडिओत मागच्या खुर्चीवर बसून ते शिकतात. केबल गुंडाळा, माइक लावा, टेकला (रेकॉर्डिंगच्या एकेका प्रयत्नाला) नाव द्या, चहा सांगा, आणि एक दिवस मुख्य माणूस म्हणतो, "बस, तू कर." हे शिकाऊ तास बहुतेक रात्रीचे असतात. महाल, मानेवाडा, प्रतापनगर अशा वस्त्यांत घराच्या एका खोलीत चालणाऱ्या स्टुडिओला पुरेसे साउंडप्रूफिंग नसते, त्यामुळे रस्ता शांत झाल्यावरच डबिंग, म्हणजे गाण्याचा आवाज रेकॉर्ड करणे, सुरू होते. वादक ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम आटोपून येतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी एसी बंद करून टेक घेणे अशक्य होते. म्हणजे सेशन रात्री दहा ते तीन, खोलीत चार पुरुष, खाली बंद गेट, आणि पुष्कळ ठिकाणी कडी लागणारे संडास-बाथरूमही नाही. मुलगा तिथे मित्राच्या ओळखीने दोन वर्षे फुकट बसू शकतो. मुलगी गाऊन दीड तासात घरी जाते. तिला त्या खुर्चीवरचे तास मिळतच नाहीत, आणि मग लोक म्हणतात तिला जमत नाही. तुमचा सगळा आराखडा हे तास दुसऱ्या वाटेने कसे मिळवायचे यावर बांधा.

पहिला टप्पा घरी. लॅपटॉपला १६ जीबी रॅम हवी. त्यापलीकडे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा), एक कंडेन्सर माइक (स्टुडिओत वापरतात तो नाजूक माइक), बंद कपांचे हेडफोन, २५ किंवा ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (सॉफ्टवेअरमधली वाद्ये वाजवायचा), स्टँड, पॉप फिल्टर आणि केबल हे सगळे साधारण ४० ते ५० हजारांत बसते. मॉनिटर स्पीकर आत्ता घेऊ नका. ध्वनीसाठी तयार न केलेल्या खोलीत ते खोटेच ऐकवतात. सॉफ्टवेअर कोणतेही चालेल, पण ज्यांच्याकडून काम हवे ते क्यूबेस वापरत असतील तर त्याची तोंडओळख ठेवा. सुरुवातीला रीपर पुरते, त्याची ६० दिवसांची चाचणी मोफत आहे. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. गाताना बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा, म्हणजे जाताना-येताना प्रत्येकी २.७ मिलिसेकंदांचाच उशीर त्यातून लागतो आणि गाणाऱ्याला आपला आवाज मागे पडल्यासारखा वाटत नाही. मिक्सच्या (सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या) वेळी तोच ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) वाढताच कटकट आवाज येऊ लागतात. आवाजाची वरची टोके उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये लेव्हल कमी असल्याने काही बिघडत नाही, फुटलेला टेक मात्र परत मिळत नाही.

खोलीवर खर्च करायचा तर अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम सोडा. दर घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) ५० मिलिमीटर जाडीच्या दोन-दोन लाद्या एकत्र ठेवून २ बाय ४ फुटांच्या लाकडी चौकटीत बसवा आणि फुंकर आरपार जाईल असे कापड ताणा. अशी चार-सहा पॅनेल पुरतात. हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच. बहुतेक जण पॅनेल माइकच्या मागे लावतात आणि फरक पडत नाही म्हणून वैतागतात. कार्डिऑइड माइक समोरचे ऐकतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत झाकायची असते.

आता नागपूरच्या हवेचे. कूलर चालू असलेल्या खोलीत कंडेन्सर माइक ठेवू नका. आवाज तर येतोच, वर दमट हवेने कॅप्सूल (माइकमधला आवाज टिपणारा भाग) चरचरू लागते. काम झाले की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. उन्हाळ्यात दर पंधरा मिनिटांनी थांबून एसी चालवा आणि टेक त्या वेळेत बसवा. एप्रिल-मेमध्ये अचानक ५० हर्ट्झची घूं वाढली तर आधी लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून पाहा. घूं गेली तर दोष वीजजोडणीत आहे. जमीन कोरडी पडली की घराचे अर्थिंग कमजोर होते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे हा खरोखरचा उपाय आहे, आणि तेवढ्याने गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला अर्थिंग मोजायला लावा.

दुसरा टप्पा: स्टुडिओत "शिकवाल का?" असे विचारू नका. त्याचे उत्तर "हो, या कधीतरी" असे येते आणि तिथेच विरते. "तुमच्या एका गाण्याचे व्होकल एडिटिंग ४८ तासांत घरून करून देते," असे सांगा. हे काम सगळ्यांना नकोसे असते. चार-पाच टेकमधून एक सलग ओळ निवडणे, जोडांवर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणे) देणे, श्वास पूर्ण कापून न टाकता ६ ते ८ डेसिबलने खाली आणणे, हेडफोनमधून गळून दोन ओळींमध्ये आलेली तालाची टिकटिक काढणे, आणि बेसूर जागा दुरुस्त करताना मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) सपाट होऊ न देणे. या शेवटच्या गोष्टीत तुमचे सुगम संगीताचे शिक्षण थेट कामी येते. ऑटोमॅटिक दुरुस्ती मींडीला चूक समजून पायऱ्या पाडते, म्हणून नोट-नोट हाताने करा. परत देताना प्रत्येक फाइल पहिल्या मात्रेपासून सुरू होणारी, नावात गाणे, टेम्पो आणि सूर लिहिलेला. फाइल दुसऱ्याच्या मशीनवर टाकताच जागेवर बसली, की पुढचे गाणे मिळते. दहा-बारा गाणी झाल्यावर दिवसाचे सेशन मागा आणि तेव्हा स्पष्ट म्हणा, "मशीनवर मी बसेन."

नमुन्याच्या कामात तुमचा स्वतःचा आवाज अजिबात नको. आवाज ऐकला की समोरचा तुम्हाला गायिकेच्या यादीत टाकतो, आणि त्या यादीतून बाहेर पडायला फार वेळ जातो. तीन ट्रॅक पुरे: ढोलकी-ढोलकच्या ठेक्यावरचे एक भीमगीत किंवा लोकगीत, एक शांत भावगीत, आणि ३० सेकंदांची एक जाहिरात. प्रत्येकाचा कच्चा आणि तयार असा दोन्ही नमुना द्या. आणि मशीनवर बसून काम करतानाचा फोटो ठेवा. आइसलँडच्या गायिका ब्यॉर्क यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते, की त्यांच्या निर्मितीचे श्रेय लोक सोबतच्या पुरुषाला देतात, आणि अमेरिकन रॅपर मिसी एलियट यांचा मिक्सिंग डेस्कवरचा फोटो पाहिल्यावर त्यांना कळले की असे फोटो दिसणे किती गरजेचे आहे.

एका गोष्टीवर मुद्दाम थांबायला हवे, कारण या असमतोलाचा फटका थेट गाण्याला बसतो. इथले बरेच ट्रॅक पुरुषाच्या पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या काळी एक-काळी दोनमध्ये बांधले जातात आणि गायिका नंतर येते. तिला काळी चार लागते. मग सगळा ट्रॅक पाच-सात अर्धस्वर खाली किंवा वर ओढतात. मिडीचे वाद्य सहज सरकते, पण रेकॉर्ड केलेली बासरी चिरकते, गिटार घोगरी होते, आणि तबल्याचा दायां तर षड्जाशी लावलेला असल्याने तो पुन्हा वाजवून घेण्यावाचून इलाज नाही. यावर खर्च नको म्हणून गायिकेलाच चढ्या किंवा पडक्या पट्टीत गायला लावतात, आणि दोष तिच्या गळ्याला येतो. मिक्समध्येही तेच. पुरुषी आवाजावर बेतलेली तयार सेटिंग लावून २.५ ते ४ किलोहर्ट्झचा भाग उचलतात, आणि बाईचा आवाज कानाला टोचू लागतो. तिच्या आवाजाचे अंग बहुधा २०० हर्ट्झच्या आसपास असते, तिथे कापू नका. 'स' आणि 'श' ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये शोधा. पट्टी गायिकेसोबत हार्मोनियमवर आधी ठरवायची, मग पहिला ठोका टाकायचा. एवढे जरी तुम्ही नेमाने केले तरी शहरातल्या गायिका तुमच्याकडे स्वतःहून येतील, अशी माझी खात्री आहे.

पैसा आणि श्रेय. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ध्वनिमुद्रणाचा 'निर्माता' म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, अर्थात बहुधा पैसे घालणारा किंवा कंपनी. मशीनवर रात्रभर बसणाऱ्याला त्यात आपोआप काही मिळत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचे संरक्षण दिले ते गीतकार आणि संगीतकाराला. म्हणून तुम्ही मुखड्याआधीची धून किंवा मधले संगीत स्वतः रचले असेल, तर सह-संगीतकार म्हणून किती टक्के, हे सेशनच्या आधी लिहून घ्या आणि आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) तशीच नोंद करा. एक पान पुरते: काम काय, रक्कम किती, निम्मी आगाऊ, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, प्रोजेक्ट फाइल द्यायची की नाही, आणि श्रेयनामाची ओळ शब्दशः. "म्युझिक प्रोडक्शन आणि प्रोग्रामिंग" असे पूर्ण लिहा. नुसते "सहकार्य" लिहिले की पुढच्या ग्राहकाला तुम्ही काय केले ते कळत नाही. गाणे डिस्ट्रिब्युटरकडे (ते ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) चढवताना हीच ओळ प्रोड्युसरच्या रकान्यात गेली का, ते प्रकाशनाच्या आधी पाहा. नंतर कुणी बदलत बसत नाही.

सुरक्षेबद्दल स्टुडिओवाल्यांनीही वाचावे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरातल्या स्टुडिओलाही लागू होतो, त्यात राहते घर हे कामाचे ठिकाण धरले आहे, आणि संरक्षण मिळायला स्त्री तिथे पगारी नोकर असण्याची अट नाही. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करता येते. रोजच्या व्यवहारात मात्र साध्या गोष्टी जास्त उपयोगी पडतात: सेशन संपण्याची वेळ आधी लिहून देणे, कंट्रोल रूमच्या दाराला काच, कडीसह स्वच्छ संडास, आणि आठवड्यातले दोन दिवस सकाळचे ठेवणे. सकाळी सात ते अकरा हा वेळ नागपूरच्या उन्हाळ्यात डबिंगला तसाही चांगला असतो, आणि गळाही ताजा असतो, फक्त आधी अर्धा तास रियाज करून या.

पहिले पैसे कुठून? शाळांच्या स्नेहसंमेलनांतून. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक नृत्यशिक्षिकेला चार-पाच मिनिटांचे मिश्रण हवे असते, या शिक्षिका बहुतांशी बायकाच असतात आणि काम दिवसा चालते. सुरुवातीला आठ मात्रांची मोजणी द्या, दोन गाण्यांच्या सांध्यावर टेम्पो चार मात्रांत हळूहळू बदला, नाहीतर मुलांची पावले चुकतात. एक प्रत वेव्ह फाइलमध्ये आणि एक एमपी-थ्रीमध्ये द्या. ते यूट्यूबवर चढवले तर मूळ कंपनीचा दावा येणार, हे आधीच सांगा. त्याआधी नवरात्रात कोराडीच्या देवीची गाणी, आणि त्यानंतर १४ एप्रिलची भीमगीते. ती फेब्रुवारी-मार्चमध्येच रेकॉर्ड होतात, म्हणून वर सांगितलेले तीन नमुने जानेवारी संपायच्या आत तयार ठेवा आणि मंडळांना, गायकांना तेव्हाच ऐकवा.