शेतात येणारी जनावरे टिपण्यासाठी ट्रेल कॅमेरा कसा निवडावा?

इंदूरजवळ चोरलच्या बाजूला असलेल्या आपल्या शेतात रात्री नीलगाय येते की बिबट्या, हे पाहण्यासाठी कोणता ट्रेल कॅमेरा (जनावराची चाहूल लागताच आपोआप छायाचित्र काढणारा कॅमेरा) घ्यावा, असे आपण विचारले आहे. परदेशी जाहिरातींत हे कॅमेरे शिकाऱ्यांसाठी असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे त्या जाहिरातींतील तुलना जपूनच वाचाव्यात.

मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा, कारण स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. खरे महत्त्व ट्रिगरच्या वेगाला आहे: जनावराची चाहूल लागल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत एक सेकंद गेला, तर झपाट्याने जाणाऱ्या बिबट्याची फक्त शेपटी हाती लागते. रात्रीच्या छायाचित्रांसाठी कॅमेऱ्यात इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे असतात. त्यांत ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लांबवर पोहोचतो, पण त्याची मंद लाल चमक दिसते. ९४० नॅनोमीटरची दिसत नाही, मात्र पल्ला कमी पडतो. चोरीची धास्ती असेल, तर मी ९४० नॅनोमीटरचाच घेईन.

सेन्सर जनावर आणि परिसर यांच्या तापमानातील फरक ओळखतो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी, हवाच अंगाइतकी तापलेली असताना, महागडा कॅमेराही चुकतो, आणि उन्हात तापून हलणारे गवत मात्र शेकडो रिकामी छायाचित्रे काढवते. कॅमेऱ्याचे तोंड उत्तरेकडे ठेवावे आणि समोरचे गवत कापावे. लिथियमचे सेल महाग असले तरी अल्कलाइनपेक्षा अधिक टिकतात.

रालामंडल अभयारण्यात किंवा कोणत्याही वनजमिनीवर मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये.