जकात तीच, मग मिरची का अडली?

प्रश्न : आमच्या सातऱ्यावरची (मिरची वाळवायच्या, देठ खुडायच्या आवारातली) सुकी मिरची एका व्यापाऱ्यानं युरोपसाठी घेतली. नमुना 'फेल' झाला म्हणून उरलेला माल त्यानं उचलला नाही. जकात तर वाढली नाही म्हणतात. मग आपल्याला अडवायचा हा बाहेरच्यांचा डाव आहे का?
— एक शेतकरी, भिवापूर तालुका

उत्तर : भाऊ, आधी व्यापाऱ्याकडून प्रयोगशाळेचा अहवाल मागून घ्या. नुसत्या 'फेल'वर गप्प बसू नका. कीटकनाशकाचा अंश, भेसळीचा सुदान रंग की बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन, ते त्यात लिहिलेलं असतं.

माझा अंदाज अफ्लाटॉक्सिनचा आहे. मसाल्यांच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली. वरून लालभडक दिसणारी मिरची देठाजवळ मोडली की आत हिरवट बुरशी निघते, हे मी कितीदा पाहिलं आहे. त्या बुरशीचं हे विष यकृताचा कर्करोग करतं. युरोपची मर्यादा एका किलोला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे टनभर मिरचीत फक्त १० मिलिग्रॅम. त्यातल्या बी-१ या सर्वांत घातक प्रकाराला निम्मीच, ५ मायक्रोग्रॅम. जकात भरली की माल सुटतो. इथे पैसे मोजूनही सुटत नाही. म्हणून असे जकातीबाहेरचे अडथळे शेतकऱ्याला जास्त जाचतात.

पण याला मी डाव म्हणणार नाही. ही मर्यादा सगळ्या देशांच्या मिरचीला सारखीच आहे, आणि तीच मिरची आपली लेकरंही खातात.

डाव कधीकधी असतोही. त्यासाठीच १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचा करार आहे : आरोग्याच्या नावानं माल अडवायचा तर शास्त्रीय आधार दाखवा. संप्रेरकं दिलेल्या जनावरांचं मांस युरोपनं अडवलं, तेव्हा अमेरिका आणि कॅनडा या संघटनेकडे गेले. धोक्याचं नीट मूल्यमापन नाही म्हणून १९९८ मध्ये निकाल युरोपच्या विरुद्ध लागला. मात्र तिथे सरकारच जाऊ शकतं, तुम्ही-मी नाही. म्हणून एखादा नियम खरंच अन्यायाचा वाटला, तर अहवालासह केंद्र सरकारच्या मसाला मंडळाला (स्पायसेस बोर्ड) लेखी कळवा. तोंडी तक्रार पुढे जात नाही.

पुढच्या तोडणीला मिरची उघड्या मातीवर टाकू नका, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवा. रात्री दवाआधी झाका. ओलावा ११ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोती शिवू नका, आणि देठ खुडणाऱ्या बायांना काळी, मऊ मिरची वेगळी काढायला सांगा. ती स्वस्तातही विकू नका.