नोकरी की कायद्याचे शिक्षण? एका वडिलांच्या पत्राला उत्तर

स. न. वि. वि.

आपली कन्या संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हाती आलेली नोकरी नाकारून, स्पर्धा कायदा व बौद्धिक संपदा या विषयांसाठी तीन वर्षांचे एलएलबी करू म्हणते, असे आपण अकोल्याहून कळवले आहे. पेटंट मक्तेदारी देते आणि स्पर्धा कायदा मक्तेदारी मोडतो, मग दोन्ही शिकून ती उभी राहणार कोणत्या बाजूला, हा आपला प्रश्न मला फार आवडला.

मात्र त्यात एक गैरसमज आहे. 2002 च्या स्पर्धा अधिनियमात मोठे असणे हा दोष मानलेला नाही. कलम 4 मध्ये मनाई आहे ती वर्चस्वाच्या गैरवापराला. कलम 3 मध्ये पेटंट किंवा कॉपीराइट जपण्यासाठी वाजवी अटी घालण्याची मुभा स्पष्ट लिहिली आहे, कलम 4 मध्ये तशी मुभा नाही, आणि वकिलांचे काम नेमके या फटीत निघते.

आपल्या हातातला अँड्रॉइड फोनच पाहा. अँड्रॉइडचा गाभा कोणालाही वापरता येतो, पण प्ले स्टोअर ही गूगलची स्वतःची मालमत्ता आहे आणि ते फोनमध्ये हवे असेल, तर सर्च, क्रोम, यूट्यूब असा सगळा संचच आधीपासून बसवून द्यावा लागेल, अशी अट फोन उत्पादकांना होती. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. त्यांपैकी एक प्ले सर्व्हिसेसच्या एपीआयबाबतचा, म्हणजे एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी जोडून घेण्याच्या ठरलेल्या सोयीबाबतचा होता. एपीआय म्हणजे काय हे समजून घेण्यातच अनेक वकिलांचे दिवस जातात, आपल्या मुलीला ते आजच ठाऊक आहे.

पेटंटची बाजू मात्र तिने दुय्यम मानू नये. मोबाइलच्या पेटंटची रॉयल्टी चिपच्या नव्हे, तर अख्ख्या फोनच्या किमतीवर आकारली जाते, अशी तक्रार एरिक्सन या दूरसंचार कंपनीविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे झाली होती. त्यावर 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशा बाबतीत स्पर्धा कायद्यापेक्षा पेटंट कायदाच वरचढ ठरवला आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. (त्याच निकालात मोन्सँटो या बियाणे कंपनीचे बीटी कापसाच्या तंत्रज्ञानाचे प्रकरणही होते, म्हणजे हा विषय आपल्या वऱ्हाडाला अगदीच परका नाही.)

म्हणून माझे मत असे, की नोकरी नाकारू नये. वर्षभर ती करत असतानाच तिने पेटंट एजंटच्या, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज चालवणाऱ्याच्या, परीक्षेची तयारी करावी. त्या परीक्षेला विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी आणि वयाची 21 वर्षे पूर्ण असणे लागते, कायद्याची पदवी लागत नाही. एलएलबी त्यानंतर करावे. आयोग आणि अपील न्यायाधिकरण दोन्ही दिल्लीत असल्याने पुढे तिकडे जावे लागेल आणि वकिलीची पहिली वर्षे आजच्या पगारापेक्षा कमी मिळकतीची असू शकतील, याची तयारी घरातल्या सर्वांनी ठेवावी.

तूर्त 2022 चा तो आदेश तिला आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला सांगा. तो लांबलचक आणि बराचसा रूक्ष आहे. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर गूगलच्या बाजूने दोन पाने आणि आयोगाच्या बाजूने दोन पाने तिने लिहावीत व मला पाठवावीत. एलएलबी प्रवेशाच्या सीईटीच्या अर्जाचे आपण त्यानंतर बोलू.