मोटार जळणार हे तिला आधी कळलं होतं

पंढरपूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पुण्यात सरकारी कॉलेजात इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे मोजमाप आणि नियंत्रणाच्या यंत्रणांच्या इंजिनिअरिंगच्या, पहिल्या वर्षाला आहे. विमानाच्या इंजिनावर संशोधन करायचं म्हणते. म्हणून तिचा प्रवेश रद्द करून, दीड एकर विकून, खासगी कॉलेजात एरोनॉटिकलला घालायचं त्यांनी ठरवलंय. 'कॉलेज तेवढं सुचवा.'

नाही सुचवणार. आधी तो दीड एकर राहू द्या. दोन पानांत 'आम्ही ठरवलंय' चार वेळा आलंय, प्रवेश रद्द करण्याबद्दल मुलीचं म्हणणं काय, ते एकदाही नाही. उलट तक्रार आहे, की बारावीत अभ्यास सोडून ती विहिरीवरच्या मोटारीचे अँपिअर रोज वहीत लिहीत बसायची. आणि पुढच्याच ओळीत तुम्ही कबूल करता, मोटार जळायच्या आधी आठवडाभर ती सांगत होती, 'बाबा, अँपिअर चढतायत.' तुम्ही हसण्यावारी नेलंत.

अहो, विमानाच्या इंजिनाचं डायग्नोस्टिक्स, म्हणजे आकड्यांवरून बिघाड ओळखणं, याच जातीचं काम आहे! इंजिन झिजलं की तेवढ्याच थ्रस्टला, म्हणजे विमान पुढे ढकलणाऱ्या जोराला, इंधन जास्त लागतं, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान चढतं. उड्डाणामागून उड्डाण तो आकडा मांडत जायचं. आकडा वेडावाकडा आला तर इंजिन बिघडलंय की सेन्सरच चुकीचं दाखवतोय, हे ओळखायचं. खरी मेख तिथेच आहे.

डिग्रीच्या नावात 'एरो' नसेल तर विमानाचं दार बंद, हा गैरसमज मात्र काढून टाका. आजच्या जेट इंजिनात पायलट लिव्हर सरकवतो, पण इंधन किती सोडायचं ते फाडेक नावाचा संगणक ठरवतो. त्याला दोन चॅनेल असतात, एक गेला तर दुसरा सांभाळतो. त्यामागचे सेन्सर, कंट्रोल थिअरी (यंत्र आपोआप ताब्यात ठेवण्याचं शास्त्र), सॉफ्टवेअर हा तुमच्या मुलीचाच विषय. एरोनॉटिकलवाले तिथे असतात, पण तिच्यासारखेही लागतात.

पुढे गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा, मग कंट्रोलमध्ये एमटेक. बंगळुरूला डीआरडीओची जीटीआरई ही जेट इंजिनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, इंजिन कंपन्यांची केंद्रं आहेत. जागा थोड्या, हेही ऐकून ठेवा. नाहीच जमलं, तर तुमच्या भागातल्या साखर कारखान्यांतही टर्बाइन फिरतात, त्यांनाही असा माणूस लागतो.

तोवर नासाचा सी-मॅप्स हा डेटा तिला उघडायला सांगा. फुकट आहे. सिम्युलेशनमधली इंजिनं बिघडेपर्यंत चालवून 21 सेन्सरांचे आकडे त्यात दिलेत.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि ती वही रद्दीत गेली नसेल, तर मोटार जळण्याआधीच्या आठवड्याच्या पानाचा फोटो सोबत पाठवा.