पेटीतला नोकिया ११०० पुन्हा सुरू होईल का?

प्रश्न : बाबांचा नोकिया ११०० लोखंडी पेटीत सापडला. शाळेतून आलो की आम्ही भावंडं त्यावर सापाचा गेम खेळायचो. मुलांना दाखवायचा आहे, पण चार्जर लावूनही काहीच दिसत नाही. – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : आधी चार्जर काढा आणि बॅटरी तपासा. या मोबाइलला बीएल-५सी लागते. ती सपाट टेबलावर ठेवून बोटानं फिरवा. भिंगरीसारखी गरगर फिरली तर फुगलेली आहे. ती टोचू नका, चार्जिंगला लावू नका, उकिरड्यावरही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आपल्याकडचे उन्हाळे टिनाखालच्या पेटीत काढलेली बॅटरी बहुतेक वेळा गेलेलीच असते.

फुगलेली नसेल तर मल्टीमीटरनं (व्होल्ट मोजायच्या यंत्रानं) मोजा. पूर्ण भरलेली ४.२ व्होल्ट दाखवते. ३ च्या वर असेल तर मूळ जाड पिनेचा चार्जर लावून अर्धा तास थांबा, कारण उतरलेल्या बॅटरीवर स्क्रीन लगेच उजळत नाही. २ च्या खाली असेल तर सरळ नवी घ्या. काही दुकानदार अशी बॅटरी बाहेरून करंट देऊन उठवतात. ते करू देऊ नका! इतक्या उतरलेल्या बॅटरीत तांबं विरघळून आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते.

नवी बॅटरी लावण्याआधी मोबाइलमधल्या बॅटरी टेकते त्या धातूच्या टोकांवर हिरवट थर आहे का बघा. असेल तर खोडरबरानं हलक्या हातानं घासा. थिनर वापरू नका, प्लास्टिक विरतं.

आता सगळ्यांना अडवणारी गोष्ट. गेम मोबाइलच्या मेमरीत असतो, तरी सिम नसेल तर हा मोबाइल मेनूच उघडू देत नाही. बंद पडलेलं जुनं सिमही चालतं. नेटवर्क नसलं तरी साप पळतो. जुनं मोठं सिमच शोधा. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये बसवून घातलं आणि ते निसटलं, तर खाचेतल्या पिना वाकतात. सिक्युरिटी कोड मागितला आणि बाबांनी तो बदललेला नसेल, तर १२३४५ टाका. साप २, ४, ६, ८ वर वळतो.

बोलायलाही वापरायचा असेल तर हा फक्त टू-जी मोबाइल आहे. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, म्हणून त्यावर बोलणं होणार नाही.

प्रश्न : शाळेच्या जुन्या सीडीवरचा डेव्ह गेम नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. सीडी खराब झाली का? – एक शिक्षक, वडसा (जि. गडचिरोली)

उत्तर : फाइल कॉपी होत असेल तर सीडी ठीक आहे. डेव्ह हा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीचा गेम, आणि नव्या कॉम्प्युटरवरचं ६४-बिट विंडोज असे १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही. डॉसचे गेम चालवणारं डॉसबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाका, गेमचं पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर घ्या आणि त्यातली डेव्ह नावाची एक्सई फाइल डॉसबॉक्सच्या चिन्हावर ओढून सोडा. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ११ दाबून कमी करा, कंट्रोल आणि एफ१२ नं वाढतो.

कॉपी करताना मधेच अडलं तर सीडी मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसल्यानं पडलेला ओरखडा डेटाच्या रेघेवरच लांबपर्यंत जातो आणि मग तो भाग वाचला जात नाही.